तीन मुठी चिंचोके

बायकोच्या मडक्यातून मी तीन मुठी चिंचोके चोरले.

मडकं तिचं, चिंचोके तिचे, वेळ दुपारी अडीचची आणि मी पूर्ण शुद्धीत. कुणी भरीस घातलं नव्हतं. चिंचोके चोरणं कुठल्या कलमात बसतं हे शेजारच्या शरणप्पा मास्तरांना विचारावं असं मनात आलं होतं, पण त्यांनी उलट "कामून इचारायलाव?" म्हटलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी पन्नाशीला टेकलेला माणूस. कचेरीत कारकून. दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढण्यात माझं आयुष्य गेलं. तेव्हा स्वतःचीही चूक पहिल्यापासून, क्रमवार सांगतो.

सुरुवात येळवसला झाली. येळवस म्हणजे वेळा अमावास्या. त्या दिवशी कर्नाटकाच्या हद्दीतल्या आमच्या औरादमध्ये कुत्रंसुद्धा घरी थांबत नाही. सगळा गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. बांधावरून जाणारा ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. आमची भज्जी म्हणजे तेलात तळलेली नव्हे. तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे हिरवे दाणे नि दहा भाज्या बेसनात शिजवून केलेला तो डोंगर असतो. त्यावर चार वाट्या आंबील पोटात गेली की माणूस उठत नाही, नुसता विचार करतो. आणि माझा अनुभव असा, की पोट गळ्यापर्यंत भरलं की मला सुधारावंसं वाटतं.

त्या दुपारी कोपीच्या सावलीत आडवा होऊन मी जाहीर केलं, "आता बस्स. ह्या येळवसपासून पुढच्या येळवसपर्यंत घरातल्या प्रत्येकानं एकेक संकल्प करायचा. नुसता करायचा न्हाई, रोजच्या रोज नोंद ठेवायची."

"शुगर किती आली तुमची?" शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, उष्टी ताटं गोळा करत विचारलं.

बीदरच्या डॉक्टरनं आठवड्यापूर्वीच माझी साखर मोजली होती. मी विषय बदलला.

"नोंद कशात ठेवनार? त्या मोबाइलात?" माझे वडील, अप्पा, वय अठ्ठ्याहत्तर, कोपीतनं बोलले. "आमच्या आज्जाकडं मेंढरं व्हती. त्याला लिवता येत न्हवतं. एका मेंढीला एक खडा. सांजच्याला मेंढी वाड्यात शिरली की खडा ह्या पिशवीतनं त्या पिशवीत. पिशवीत खडा उरला की समजायचं, मेंढी ऱ्हायली. खड्याला खोटं बोलता येत न्हाई."

मला ही कल्पना इतकी आवडली की मी उठून बसलो. (उठून बसलो हे विशेष, येळवसच्या दुपारी कुणी उठून बसत नाही.) दुसऱ्याच दिवशी कुंभाराकडून चार मडकी आली. धान्याच्या खोलीतल्या फळीवर ओळीनं मांडली, चुन्यानं नावं घातली. खड्यांऐवजी चिंचोके, कारण आमच्या चिंचेचं पोतंभर पडून होतं. संकल्प पाळला त्या दिवशी आपल्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा, नाही पाळला तर नाही. मोजणी पुढच्या येळवसला, शेतात, सगळ्यांदेखत. तोवर कुणी मडक्यात बघायचं नाही.

आणि बक्षीस? ते अप्पांनी ठरवलं. "ज्येचं मडकं जास्त, त्येचं एक म्हननं घरानं गुमान आयकायचं. कामून, कशाला, कुनीबी इचारायचं न्हाई."

संकल्प असे झाले. माझा : रोज पहाटे तासभर चालणं. अप्पांचा : शिवी द्यायची नाही. (हा त्यांना आम्ही सुचवला.) पूजाचा, म्हणजे बारावीतल्या आमच्या लेकीचा : पाचला उठणं. ती पाचला उठायची, चिंचोका टाकायची आणि परत झोपायची. नियमात बसत होतं.

शोभानं फळीवरची मडकी सारखी केली. मग म्हणाली, "मी कन्नड वाचाय शिकते."

मी हसलो. हेही नोंदवतो, कारण पुढं हिशेबात लागणार आहे.

शोभा उदगीरजवळच्या खेड्यातली. तिकडं महाराष्ट्रात सगळ्या पाट्या मराठीत. उदगीर ते औराद अंतर ते किती. पण लग्न होऊन तेवढं अंतर आल्याबरोबर माझी सातवी पास बायको निरक्षर झाली. बोलायला तिला कन्नड येतं, भाजीवालीशी भांडण्याइतकं येतं. पण बसचा बोर्ड, दुकानाची पाटी, कागद, सगळ्याला मी लागतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती बीदरहून राजेश्वरला बहिणीकडं निघाली होती. मी स्टँडवर तिला लांबूनच बोट दाखवून "ती तिसरी बस" म्हणालो आणि कचेरीत गेलो. ती तिसऱ्या बसमध्ये बसली आणि झहीराबादला उतरली. तिथं पाट्या तेलुगूत! ही गोष्ट मी पुढं वीस वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात, पंगतीत सांगितली. लोक पोट धरून हसायचे. बोट दाखवणारा मी होतो हा भाग मी गाळायचो.

तेव्हापासून शोभा एकटी बसमध्ये चढली नाही. राजेश्वरची तिची थोरली बहीण, अक्का, गुडघ्यांनी अधू झालेली. दोघींची दीड वर्षात गाठ नाही. "ह्या रविवारी नेतो," असं मी म्हणायचो. रविवार यायचा, जायचा. तिचं म्हणणं काय असणार, मडकं भरलं तर ती काय मागणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

आता माझं चालणं. पहिले अकरा दिवस मी खरंच चाललो. शपथेवर सांगतो. बाराव्या दिवशी थंडी फार होती आणि वाटेत महेबूबभाईंचं हॉटेल होतं. (हॉटेल वाटेत नव्हतं. मी वाट तिकडून काढली होती.) सुसला नुकताच परतलेला, चुरमुऱ्यांवर शेंगदाण्याचं कूट, कोथिंबीर, शेजारी घाण्यातनं निघणारी मिरची भजी.

"क्या साब, इत्ती थंड में कां चले? बैठो, सुसला गरम है."

"चालायला निघालोय, महेबूबभाई."

"तो चलो ना. पैले बैठो, फिर चलो."

मी बसलो. तासभर बसलो. घरी आलो, तेव्हा संकल्प तासाभराचा होता आणि मी तासभर बाहेर होतो, असा विचार करून चिंचोका टाकला. पहिला खोटा चिंचोका मी दार लावून टाकला. दुसरा जरा बरा गेला. महिन्याभरानं मी भजी खाऊन तेलकट हातानंच टाकू लागलो.

दर अमावास्येला मी पाहणी करायचो. आत बघायचं नाही हा नियम माझाच, म्हणून प्रत्येक मडकं कानाशी धरून हलवायचो आणि आवाजावरून प्रगती सांगायचो. नातेवाइकांच्या मोबाइल ग्रुपवर ती टाकायचोही. "वैजनाथ : उत्तम. शोभा : समाधानकारक. पूजा : सुधारणेस वाव." अप्पांचं मडकं हलवलं की एकच चिंचोका टिंग टिंग करायचा. तो त्यांची दाढ काढली त्या दिवसाचा होता.

"शोभा, तुझं मडकं जड लागायलंय," एकदा मी म्हणालो.

"व्हय का?" ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

दुपारी ती नि पूजा ओसरीवर पाटी घेऊन बसायच्या. मी कधी जवळ गेलो की पाटी पालथी व्हायची. "तुमाला काय करायचंय? तुमी चाला," असं मला ऐकवलं जायचं.

मग आषाढात मला पश्चात्ताप झाला. माझा पश्चात्ताप असा, की तो एकदा आला की भरतीसारखा येतो. मी खोलीत गेलो, माझ्या मडक्यातले अंदाजे जितके खोटे तितके चिंचोके काढले आणि परसात फेकून दिले. फार हलकं वाटलं. मनही आणि मडकंही. पुढच्या महिन्यात पावसाची झड लागली आणि परसात ओळीनं चिंचेची रोपं वर आली. माझी पापं इतकी होती हे मला तोवर कळलं नव्हतं.

"आरं, हे चिच्चांचं रान कुटनं आलं?" अप्पांनी विचारलं.

"पाखरांनी टाकलं असंल," मी म्हणालो. म्हणजे पश्चात्तापावरही एक खोटं चढलं. रोज सकाळी तोंड धुताना ती रोपं माझ्याकडं बघायची.

आणि येळवस चार दिवसांवर आली. मी मडकं हलवलं. निम्मंही नव्हतं. इकडं ग्रुपवर मी वर्षभर "उत्तम" होतो. येळवसला शेतात चाळीस माणसं सांगून ठेवलेली, वर माझ्या योजनेचं कौतुक म्हणून शरणप्पा मास्तरांना मोजणीसाठी खास बोलावलेलं. पोत्यातले चिंचोके घालावेत तर आदल्याच दिवशी अप्पांनी उरलेलं पोतं विकून टाकलं होतं. राहता राहिलं शेजारचं मडकं. भरलेलं. शोभाचं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दुपारी अडीच. शोभा नि पूजा शेंगा तोडायला शेतात. वीज गेलेली, खोलीत काळोख. तीन मुठी इकडून तिकडं. जिंकायचं माझ्या मनात नव्हतं. हसं होऊ नये एवढंच हवं होतं. पण मुठी माझ्या मोठ्या आहेत. दोन्ही मडकी हातात धरून तोलली तर माझंच किंचित जड लागलं. थोडे परत टाकावेत म्हणून हात घातला, तेवढ्यात बाहेर कडी वाजली.

येळवसच्या दिवशी डोक्यावर आंबिलीचा डेरा घेऊन शोभा पुढं, मागं मी दोन्ही काखांत चार मडकी कोंबून, असे आम्ही शेतात पोचलो. कोपीजवळ मडकी खाली ठेवली. ऊन चांगलं पडलं होतं. सहज माझ्या मडक्यात डोकावलो.

आतल्या चिंचोक्यांवर गुलाबी रंगानं काहीतरी लिहिलेलं होतं.

एक उचलला. कन्नड अक्षर. दुसरा उचलला. त्यावर अख्खा शब्द : बीदर. तिसरा : भालकी. पूजाच्या नखपॉलिशनं, बारीक काडीनं, सुबक अक्षरात. मला एकदम सगळं कळलं. माझी बायको रोज जे शिकली ते त्या दिवशीच्या चिंचोक्यावर लिहून मडक्यात टाकत होती. आधी अक्षरं, मग बसच्या बोर्डावरची गावं. आणि मी त्यातले तीन मुठी माझ्या नावाच्या मडक्यात आणून ओतले होते.

मी वेचून काढायला लागणार, तोच अप्पा काठी टेकत मडक्यांशेजारी येऊन बसले. "आता हात लावू नगंस. मोजनीपोतर मी राखन हाय." मेंढपाळाचं रक्त. ते हलले नाहीत. लघवीलाही गेले नाहीत.

पांडवांची पूजा झाली. माणसं जमली. महेबूबभाईसुद्धा टोपलीभर मिरची भजी घेऊन आले. पंगत बसायची वेळ झाली आणि अप्पा म्हणाले, "आदी मोजनी. वैजू, आन तुझं."

मी मडकं उचललं. माझ्या आणि मास्तरांच्या मध्ये आंबिलीचा डेरा होता. मी एकच विचार केला (वर्षभरातला माझा सगळ्यात झटपट विचार) : ताक आंबट असतं, आंबट रंग काढतं. दोन पावलं गेलो, नसलेल्या ढेकळाला ठेचकाळलो आणि मडकं डेऱ्यात उपडं केलं.

डुबुक डुबुक डुबुक. बराच वेळ वाजत होतं.

"आरं!" अप्पा उठले. "डोळे हायत का बटनं हायत?" अप्पांच्या मानानं ही शिवी नव्हे. त्या दिवशी तरी ते अजून संकल्प पाळत होते.

"बरं झालं, म्हणजे वाईट झालं," मी म्हणालो. "आता मोजणी राहू द्या. आंबील ओतून देऊ."

"येळवसची आंबील वतून देताव?" शोभा म्हणाली. "धा घरचं ताक हाय त्यात. चिंचोक्यानं कोन मरंना. गाळाय वेळ न्हाई. वाढते मी."

आणि तिनं वाढायला घेतलं.

मी हात जोडून बसलो. देवाला नाही, ताकाला. पण नखपॉलिश ताकानं जात नाही. ही माहिती कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून देतोय.

पहिल्यांदा मास्तर थबकले. बोटानं वाटीतला चिंचोका काढला, धोतराला पुसला, उन्हात धरला. "नोडप्पा! बगा की, ह्येच्यावर कन्नड हाय. बीदर."

"माज्या वाटीत बी हाय," पलीकडचा म्हणाला. "मास्तर, वाचा."

"भालकी."

"हे?"

"हुमनाबाद."

सगळी पंगत वाटीत बोटं घालून गावं काढायला लागली. कुणाला कमलनगर मिळालं, कुणाला कलबुर्गी. ज्याला नुसतं एक अक्षर मिळालं तो हिरमुसला आणि आणखी आंबील मागायला लागला. मास्तर वाचून वाचून दमले. बसस्टँडवरचा पुकारा चालल्यासारखं वाटत होतं.

"वैजूअण्णा, तुमच्या मडक्यात ही गावं कशी आली?" कुणीतरी विचारलं.

चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती. शोभाही बघत होती, पळी हातात धरून. हीच ती वेळ होती. आणि मी म्हणालो,

"जिथं जिथं चालत गेलो, त्या गावांची नावं लिहिली."

मास्तरांनी वाटी खाली ठेवली.

"हुमनाबादला? चालत?"

"सावकाश," मी म्हणालो.

"कलबुर्गीला?"

"एकदाच."

लोकांनी माझ्याकडं असं बघितलं की क्षणभर मलाच माझे पाय दुखल्यासारखे वाटले. एका म्हाताऱ्यानं बसल्या जागेवरून मला हात जोडले. मी ते स्वीकारले. माणूस किती खाली जाऊ शकतो हे त्या दिवशी मी आतून बघितलं.

महेबूबभाई मात्र हिशेब घालत होते. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. "साब," ते म्हणाले, "आप तो रोज सवेरे मेरे कने बैठते. सुसला खाते. हुमनाबाद कब गए?"

"त्याच्या आधी," मी म्हणालो.

तेवढ्यात अप्पांच्या दाताखाली (उरलेल्या चारांपैकी एकाखाली) काहीतरी कट्‌ वाजलं. त्यांनी तोंडातनं चिंचोका काढला आणि मास्तरांपुढं धरला. "ह्ये कंचं गाव?"

मास्तरांनी वाचलं. परत वाचलं. चष्मा पुसून वाचलं.

"शोभा."

"शोभा?" अप्पा माझ्याकडं वळले. "ह्या नावाचं गाव कुटं हाय रं? तितं बी चालत गेल्तास व्हय?"

शोभानं पळी डेऱ्यात ठेवली, हात पुसले, तिचं मडकं उचललं आणि घोंगडीवर पालथं केलं. शेकडो गुलाबी चिंचोके उन्हात चकाकले. तिनं त्यातला एकही हातात घेतला नाही. मला म्हणाली, "माझं नाव लिवाय आलं, त्या दिवसाचा हाय त्यो. लई सोधला मी काल. मला वाटलं, टाकायचाच ऱ्हायला."

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

आवाज अप्पांनी चढवला. सकाळपासून आवरून धरलेल्या शिव्या एकदम बाहेर आल्या. मराठी संपल्यावर कन्नड, कन्नड संपल्यावर उर्दू आणि शेवटी दोन अशा, ज्या तेलुगू असाव्यात. महेबूबभाईंनी कानांवर हात ठेवले. मास्तर मान डोलवत होते. अप्पा थांबले, दम घेतला, त्यांच्या मडक्यातला तो दाढेचा एकमेव चिंचोका काढला आणि शोभाच्या ढिगावर टाकला. "सूनबाई, तुजं म्हननं सांग."

"मी राजेश्वरला जाते, अक्काकडं," ती म्हणाली. "पंधरा दिवस. एकटी. आन्‌ म्हशीची धार हेनी काढायची."

कामून, कशाला, कुणीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती निघाली. मी पिशवी घेऊन स्टँडवर गेलो. मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. दोन बसगाड्या लागल्या. मी सवयीनं बोट वर केलं. तिनं माझ्या बोटाकडं बघितलं, मग बसच्या कपाळाकडं बघितलं, ओठ हलवून बोर्ड वाचला आणि मी दाखवली नव्हती त्या बसमध्ये जाऊन बसली. बस बरोबर होती. माझं बोट हवेत राहिलं. माफी तशीच घरी परत आली.

संध्याकाळी फोन आला, पूजाच्या मोबाइलवर. बीदरला बस बदलली, कुणाला विचारलं नाही, राजेश्वरला दिवसाउजेडी पोचली. पूजा अंगणात नाचली. मला निरोप होता, "म्हशीला पेंड घाला."

आमची म्हैस माणूस ओळखते. आठ दिवसांत तिनं मला सहा वेळा लाथ मारली आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, बरोबर आहे. नवव्या दिवशी माझ्यानं राहवेना. म्हैस पूजावर सोपवली आणि निघालो. बीदरला उतरलो तेव्हा डोक्यात नुसती वाक्यं फिरत होती : "शोभा, मी नालायक आहे" ही सुरुवात फार मोठी होते का, झहीराबादचा विषय आधी घ्यावा की चिंचोक्यांचा? राजेश्वरची गाडी जिथं लागते तिथं एक गाडी लागलेली होती. बसलो. वाक्यं जुळवता जुळवता डोळा लागला.

"इळीरी, इळीरी," कंडक्टर खांदा हलवून उतरायला सांगत होता. बस रिकामी. समोर पाटी : हुमनाबाद. गाडी इथंपर्यंतच होती.

फोन लावला. "शोभा, मी हुमनाबादला हाय."

"तितं कामून?"

"राजेश्वरची समजून बसलो."

पलीकडं तिनं अक्काला हाक मारून काहीतरी सांगितलं. मग, "बोर्ड वाचला न्हवता?"

"न्हाई."

अक्का मागं कुठंतरी गुडघे धरून हसत असल्याचा आवाज आला.

"पुढची गाडी तासाभरानं हाय," मी म्हणालो. "शोभा, मला तुला एक—"

"फोनवर नगं. इथं येऊन बोला. आन्‌ गाडीला कामून थांबताव? तुमी तर औरादहून हुमनाबादला चालत जानारं मानूस. तितनं राजेश्वर काय लांब हाय तुमाला?"

फोन बंद.

मी चालायला लागलो. हायवेनं, भर उन्हात, कचेरीतल्या चपला घालून. पहिल्यांदा रागानं चाललो, मग लाजेनं, मग नुसताच. आषाढात परसात फेकले तेवढे चिंचोके त्या एका दुपारी फेडतोय असं वाटत होतं. तळपायाला फोड आले. एक फुटला. मग एक टमटम आपोआप माझ्याजवळ थांबली. (मी हात केला होता.)

अक्काच्या दारात पोचलो तेव्हा शोभा उंबऱ्यावर बसून चिंच फोडत होती. जुळवलेली सगळी वाक्यं वाटेत सांडली होती. मी उभ्यानंच म्हणालो,

"शोभा, मी तुझे चिंचोके चोरले. वर्षभर फिरायला म्हणून सुसला खाल्ला. दर रविवारी नेतो म्हणून नेलं न्हाई. आन्‌ त्या दिवशी तिसऱ्या बसकडं बोट मी दाखवलं व्हतं, तू चुकली न्हवतीस. वीस वर्षं मी लोकांना उलटं सांगितलं. मला माफ कर."

ती माझ्या पायांकडं बघत होती. धूळ गुडघ्यापर्यंत, चप्पल तुटलेली, एका टाचेला रक्त.

"सगळं चालत आलाव?"

चेहरा असा होता, पाय असे होते, की हो म्हटलं असतं तर कुणीही विश्वास ठेवला असता.

"निम्मं," मी म्हणालो. "निम्मं टमटमनं."

तिनं समोरच्या ढिगातला एक चिंचोका घेतला, उंबऱ्यावर ठेवला, दगडानं बरोबर मधोमध फोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. अप्पांच्या आज्जाच्या हिशेबानं वर्षअखेर माझ्या वाड्यात अर्धी मेंढी शिरली होती, आणि तीसुद्धा लंगडत.